दहा यार्डांची गोष्ट

फुटबॉलचा सामना पाहताना एक दृश्य हमखास दिसते. गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर कुणीतरी प्रतिस्पर्ध्याला पाडतो, पंच शिटी वाजवतात आणि फ्री किक देतात. लगेच बचाव करणाऱ्या संघाचे चार-पाच खेळाडू खांद्याला खांदा लावून चेंडूसमोर भिंत उभी करतात. पंच त्यांना मागे रेटतात, ते दोन पावले मागे जातात आणि पंचांची पाठ वळताच एक पाऊल पुढे सरकतात. ही ओढाताण चालते ती ९.१५ मीटरसाठी. बचाव करणाऱ्याने चेंडूपासून निदान एवढे दूर उभे राहिलेच पाहिजे, असा नियम आहे.

९.१५ हा आकडा विद्यार्थ्यांना विचित्र वाटतो. नऊ का नाही, दहा का नाही? उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. हा नियम इंग्लंडात झाला आणि तिथले माप यार्डाचे. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, म्हणून दहा यार्ड म्हणजे ९.१४४ मीटर, नियमपुस्तकात ते ९.१५ असे छापले जाते. पण दहाच यार्ड का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधू लागलो की दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उलगडतो आणि वाटेत भूमिती, गतिशास्त्र व थोडे रसायनशास्त्रही भेटते.

या सगळ्या इतिहासामागे एकच प्रश्न आहे. ज्याने नियम मोडला, त्याला नियम मोडण्याचा फायदा होणार नाही अशी शिक्षा कशी आखायची? खेळाडूला पाडले म्हणून फ्री किक दिली, पण तेवढ्या वेळात पाडणाऱ्याचा सगळा संघ गोलसमोर येऊन उभा राहिला, तर फायदा कुणाचा झाला? बचावपटूने कुठे उभे राहायचे, हा म्हणूनच वरवर दिसतो तेवढा किरकोळ प्रश्न नाही.

टाचेची खूण

२६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न या ठिकाणी काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. त्या काळी प्रत्येक शाळेचे, प्रत्येक क्लबचे नियम निराळे. सगळ्यांना मान्य होईल असा एकच संच करणे हे या संस्थेचे पहिले काम. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेरा नियम मंजूर झाले. त्यांचा मसुदा एबेनेझर कॉब मॉर्ले या वकिलाने तयार केला होता.

या तेरा नियमांत फ्री किक आहे, पण ती शिक्षा नाही! उडालेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी खेळाडूने हाताने नीट झेलला आणि लगेच टाचेने जमिनीवर खूण केली, तर त्याला फ्री किक मिळे. क्रिकेटच्या झेलासारखे ते कौशल्याचे बक्षीस होते. किक घेण्यासाठी त्याने खुणेपासून हवे तेवढे मागे जावे, आणि त्याने चेंडू मारेपर्यंत प्रतिपक्षाच्या कुणीही खुणेच्या पुढे येऊ नये, असा नियम होता.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या नियमात अंतराचा आकडाच नाही. प्रतिस्पर्धी अगदी खुणेपर्यंत येऊन उभे राहू शकत. मोकळी जागा हवी असेल तर मागे जायचे ते किक घेणाऱ्याने. आजचा नियम याच्या नेमका उलट आहे: चेंडू जागेवर राहतो आणि प्रतिस्पर्धी मागे जातात. बक्षिसाची शिक्षा झाली, तशी मागे जाण्याची जबाबदारीही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली.

झेलाचा हा नियम १८६६ साली गेला. रग्बीने मात्र तो आपल्या पद्धतीने सांभाळला आणि तिथे झेलाला आजही ‘मार्क’ म्हणतात. फुटबॉलमध्ये फ्री किक परत आली ती १८७२ साली, चेंडू हाताने हाताळल्याची शिक्षा म्हणून. दोनच वर्षांत ती धसमुसळ्या खेळाला आणि ऑफसाइडलाही लागू झाली. मात्र या किकवरून थेट गोल करता येत नसे. चेंडू आणखी कुणाला तरी लागावा लागे. प्रतिस्पर्ध्यांनी किती दूर राहायचे हेही पुढे ठरले: सहा यार्ड, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर.

१४ फेब्रुवारी १८९१

शिक्षा तर ठरली, पण ती पुरेशी होती का? याचे उत्तर एका सामन्याने दिले. १४ फेब्रुवारी १८९१ रोजी एफ. ए. कपच्या उपांत्यपूर्व फेरीत नॉट्स काउंटी आणि स्टोक हे संघ खेळत होते. नॉट्स काउंटी एका गोलने पुढे होती. स्टोकचा चेंडू गोलमध्ये जाणार हे दिसत असताना नॉट्सच्या एका बचावपटूने तो गोलरेषेवर हाताने अडवला. पंचांनी नियमाप्रमाणे फ्री किक दिली, गोलरेषेला जवळजवळ चिकटून. नॉट्सचा गोलरक्षक जॉर्ज टून चेंडूच्या समोरच उभा राहिला, आणि स्टोकने मारलेला चेंडू त्याने सहज अडवला. स्टोक ०-१ असा हरला. नॉट्स काउंटी त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचली.

नियम कुठेच मोडला गेला नव्हता. म्हणजे मोडला होता तो एकदाच, हाताने. आणि त्याची शिक्षा अगदी बिनचूक अमलात आली होती. तरीही ज्याने लबाडी केली त्याचाच फायदा झाला, हे हजारोंनी डोळ्यांनी पाहिले.

यावरचा उपाय आधीच सुचवला गेला होता. आयर्लंडच्या आर्मा परगण्यातील मिलफर्ड गावचा विल्यम मॅकक्रम हा कापडगिरणीच्या मालकाच्या घरातला तरुण गोलरक्षक होता. गोलजवळच्या अशा गुन्ह्याला एकट्या गोलरक्षकासमोर किक मारू देण्याची शिक्षा असावी, अशी त्याची सूचना आयरिश संघटनेने १८९० सालीच पुढे मांडली होती. तेव्हा तिची चेष्टा झाली. सभ्य गृहस्थ मुद्दाम नियम मोडतात असे गृहीत धरणे हाच त्यांचा अपमान आहे, असे अनेकांचे म्हणणे होते. २ जून १८९१ रोजी मात्र ती सूचना मान्य झाली आणि पेनल्टी किक जन्माला आली. किक घेणारा आणि गोलरक्षक सोडून बाकी सर्वांनी चेंडूच्या मागे, निदान सहा यार्डांवर उभे राहायचे असे ठरले. बचावपटूने कुठे उभे राहायचे या प्रश्नाचे हे सर्वांत कडक उत्तर: वाटेत उभेच राहायचे नाही!

सहाचे दहा झाले

पेनल्टीने गोलजवळचा प्रश्न सुटला. जरा दूरवरच्या फ्री किकचे काय? १९०३ साली एक महत्त्वाचा बदल झाला. धक्का देणे, पाडणे, हाताने चेंडू हाताळणे अशा गुन्ह्यांसाठीच्या फ्री किकवरून थेट गोल करता येईल, असे ठरले. आता प्रत्येक फ्री किक हा गोलवरचा संभाव्य हल्ला झाला आणि त्यासमोर उभे राहणाऱ्यांचे महत्त्व वाढले. दहा वर्षांनी, १९१३ साली, सहा यार्डांचे दहा यार्ड झाले. पुढच्या वर्षी कॉर्नर किकलाही तेच अंतर लागू झाले.

दहा हा पूर्णांक सोयीचा आहे, मोजायला सोपा आहे. नियम करणाऱ्यांनी गणित करून तो काढला असा माझा दावा नाही. पण आपण गणित करून पाहू शकतो, आणि ते आठवी-नववीच्या समरूप त्रिकोणांपलीकडे जात नाही.

गोलची रुंदी ७.३२ मीटर (आठ यार्ड) आणि उंची २.४४ मीटर (आठ फूट). चेंडू गोलच्या बरोबर समोर, २५ मीटरवर ठेवला आहे असे धरू. चार खेळाडू खांद्याला खांदा लावून उभे आहेत आणि प्रत्येकजण अर्धा मीटर जागा व्यापतो. भिंतीची रुंदी झाली २ मीटर. चेंडूच्या जागी दिवा आहे अशी कल्पना करा. भिंतीची सावली गोलरेषेवर किती रुंद पडेल?

भिंत सहा यार्डांवर, म्हणजे ५.४९ मीटरवर असेल, तर सावलीची रुंदी २ × २५ ÷ ५.४९, म्हणजे ९.१ मीटर. गोल तर ७.३२ मीटरचाच आहे. चार खेळाडूंनी अख्खा गोल झाकला आणि गोलरक्षकाला कामच उरले नाही. तिघे उभे राहिले तरी सावली ६.८ मीटर होते.

आता भिंत दहा यार्डांवर न्या. सावली होते २ × २५ ÷ ९.१५, म्हणजे सुमारे ५.५ मीटर. गोलचा जवळजवळ पाऊण भाग झाकला जातो, पाव भाग उघडा राहतो. तो पाव भाग सांभाळायला गोलरक्षक. आज आपण मैदानावर पाहतो ती कामाची वाटणी, एक बाजू भिंतीकडे आणि दुसरी गोलरक्षकाकडे, ही या चार यार्डांच्या फरकातून आली आहे. अर्थात चेंडू हा बिंदू नाही, त्याचा व्यास २२ सेंटिमीटर आहे. त्यामुळे प्रत्यक्षात उघडी जागा थोडी कमीच मिळते. पण मुद्दा बदलत नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. जोरात मारलेला चेंडू सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने जातो असे धरू. सहा यार्ड कापायला त्याला ०.२२ सेकंद लागतील, दहा यार्डांना ०.३७ सेकंद. डोळ्यांना काही दिसल्यापासून स्नायू हलू लागेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. सहा यार्डांवरचा खेळाडू म्हणजे निव्वळ खांब. चेंडू अंगावर आदळतो तेव्हा त्याचे हलणे नुकतेच सुरू होत असते. दहा यार्डांवरच्या खेळाडूला डोके वळवायला, उडी मारायला थोडा तरी अवधी मिळतो. म्हणजे हे अंतर जसे हल्ला करणाऱ्याच्या न्यायासाठी आहे, तसेच बचाव करणाऱ्याच्या नाकासाठीही आहे!

भिंतीवरून जाणारी वाट

भिंत चुकवायचा आणखी एक मार्ग म्हणजे तिच्या डोक्यावरून. इथे गुरुत्वाकर्षण मदतीला येते, पण तेही मर्यादेतच.

भिंतीपाशी चेंडू २ मीटर उंचीवर असावा आणि २५ मीटरवरच्या गोलमध्ये २.३ मीटर उंचीवरून शिरावा, असे ठरवू. हवेचा विरोध सोडून दिला तर चेंडूचा मार्ग अन्वस्त असतो. जमिनीवरचा आरंभबिंदू आणि हे दोन बिंदू अशा तीन बिंदूंतून जाणारे अन्वस्त एकच असते, आणि त्यावरून वेग ठरतो. भिंत दहा यार्डांवर असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे २६ मीटर येतो, आणि चेंडू एक सेकंदात गोलमध्ये पोचतो. भिंत सहा यार्डांवर असेल तर चेंडू अधिक उंच उचलावा लागतो, वेग सेकंदाला सुमारे २०.५ मीटरच ठेवता येतो आणि पोचायला १.३३ सेकंद लागतात. याहून जोरात मारला तर चेंडू आडव्या दांड्यावरून निघून जाईल. म्हणजे भिंत चार यार्ड पुढे आली की गोलरक्षकाला एक-तृतीयांश सेकंद जास्त मिळतो. या धंद्यात तो फार मोठा वेळ आहे.

याहून वेगाने मारून चेंडू गोलमध्ये ठेवायचा असेल, तर गुरुत्वाकर्षणाखेरीज आणखी एखादे बल हवे. ते फिरकीतून मिळते. फिरत जाणारा चेंडू हवेत वळतो हे न्यूटनने १६७२ च्या सुमारास टेनिसच्या चेंडूबाबत नोंदवले होते. तोफगोळे वाकडे का जातात याचा अभ्यास करताना बर्लिनच्या गुस्टाव्ह मॅग्नस यांनी १८५२ साली फिरत्या दंडगोलावर प्रयोग केले. त्यांच्या नावाने या परिणामाला मॅग्नस परिणाम म्हणतात. फिरणारा चेंडू आपल्या मागची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः उलट बाजूला ढकलला जातो. जपानचे ताकेशी असाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडलेला हिशेब असा: सेकंदाला २५ ते ३० मीटर वेगाने जाणारा चेंडू सेकंदाला आठ-दहा फेऱ्या घेत असेल, तर त्यावर बाजूने सुमारे ३.५ न्यूटन बल पडते. चेंडूचे वस्तुमान साधारण ०.४३ किलोग्रॅम, म्हणून त्वरण सुमारे ८ मीटर प्रति सेकंद वर्ग. आणि एका सेकंदात चेंडू सरळ रेषेपासून ४ मीटर बाजूला जातो. म्हणजे भिंतीची रुंदी ओलांडून परत गोलमध्ये येण्याइतका.

३ जून १९९७ रोजी फ्रान्समधील लियों येथे ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने सुमारे ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक या वळणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. चेंडू भिंतीच्या उजवीकडून खूप बाहेर गेला आणि शेवटच्या टप्प्यात वळून गोलमध्ये शिरला. फ्रान्सचा गोलरक्षक जागचा हललाही नाही. २०१० साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की फिरणाऱ्या चेंडूचा वेग हवेच्या विरोधाने कमी होत जातो, फिरकी मात्र तितकी कमी होत नाही. म्हणून अंतर पुरेसे असेल तर शेवटी शेवटी वळण अधिक तीव्र होत जाते.

मैदानावरचा पायथागोरस

दहा यार्ड मैदानावर कायमचे आखलेलेही आहेत. मध्यवर्तुळाची त्रिज्या दहा यार्ड, म्हणजे सामना सुरू करताना प्रतिस्पर्ध्यांनी पाळायचे अंतर. पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जो इंग्रजी ‘डी’सारखा कंस दिसतो तो १९३७ साली आला. पुष्कळांना तो शोभेचा वाटतो. खरे तर पेनल्टीच्या बिंदूभोवती दहा यार्ड त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्याचा पेनल्टी क्षेत्राबाहेर उरणारा तुकडा म्हणजे हा कंस. क्षेत्राच्या आत किक घेणारा आणि गोलरक्षक सोडून कुणी थांबायचेच नसते, म्हणून आतला भाग आखण्याची गरज नाही.

इथे वर्गात विचारण्याजोगा एक सुरेख प्रश्न आहे. पेनल्टीचा बिंदू गोलरेषेपासून १२ यार्डांवर, पेनल्टी क्षेत्राची सीमा १८ यार्डांवर. या सीमेवर कंसाची दोन टोके एकमेकांपासून किती दूर असतील? बिंदूपासून सीमा ६ यार्ड, त्रिज्या १० यार्ड. म्हणून अर्धी जीवा ८ यार्ड आणि पूर्ण जीवा १६ यार्ड. सहा, आठ, दहा: तीन-चार-पाचाच्या त्रिकोणाची दुप्पट. मैदान आखणाऱ्या माणसाला दोरी आणि दोन खुंट्या एवढ्यावर हा कंस अचूक काढता येतो.

भिंतीतले पाहुणे

बचावपटूंनी कुठे उभे राहायचे हे ठरले, पण हल्ला करणाऱ्यांनी कुठे उभे राहू नये हे कुणी ठरवले नव्हते. १९७४ च्या विश्वचषकात २६ जून रोजी हॅनोव्हर येथे ब्राझीलने याचा उपयोग केला. पूर्व जर्मनीने भिंत उभी केली आणि ब्राझीलचा जाइरझिन्यो तिच्यात जाऊन उभा राहिला. रिव्हेलिनोने चेंडू थेट त्याच्याच रोखाने मारला, जाइरझिन्यो खाली वाकला आणि त्या फटीतून चेंडू गोलमध्ये गेला. ब्राझीलने तो सामना १-० असा जिंकला.

चारच दिवस आधी ब्राझीलच्याच दुसऱ्या एका फ्री किकच्या वेळी निराळाच प्रकार घडला होता. झाईरचा बचावपटू म्वेपू इलुंगा शिटी वाजताच भिंतीतून धावत सुटला आणि ब्राझीलच्या खेळाडूने मारण्याआधीच त्याने चेंडू दूर भिरकावून दिला. त्याला पिवळे कार्ड मिळाले. आफ्रिकेच्या खेळाडूंना नियमच माहीत नाहीत, असे म्हणून जग वर्षानुवर्षे हसले. इलुंगाने पुढे सांगितले की नियम त्याला चांगले ठाऊक होते. संघाला पैसे न देणाऱ्या स्वतःच्या देशातील अधिकाऱ्यांविरुद्धचा तो निषेध होता. एखाद्याने नियम मोडला म्हणजे त्याला तो कळला नाही, असे समजण्याची घाई आपण शिक्षकांनीही करू नये.

हल्ला करणाऱ्यांनी भिंतीत घुसायचे आणि भिंतीतल्यांनी त्यांना रेटायचे, ही मारामारी पुढे इतकी वाढली की २०१९ साली नियम करावा लागला. तीन किंवा अधिक बचावपटूंची भिंत असेल, तर हल्ला करणाऱ्या संघाच्या सर्वांनी तिच्यापासून निदान एक मीटर दूर राहायचे. रिव्हेलिनोच्या गोलनंतर ४५ वर्षांनी जाइरझिन्योची जागा बंद झाली.

भिंतीमागे मात्र कुणी आडवे पडायला आजही बंदी नाही. भिंत उडी मारते तेव्हा तिच्या पायांखालून चेंडू सरपटत जाऊ शकतो, म्हणून एक खेळाडू तिच्या मागे जमिनीवर लोळण घेतो. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी बार्सिलोना येथे इंटर संघाच्या ब्रोझोविचने असेच आडवे होऊन सुआरेझचा चेंडू अडवला आणि ही युक्ती जगभर गेली.

मोजायचे कुणी?

नियमात आकडा लिहिला म्हणजे मैदानावर अंतर पडले असे होत नाही. पंच दहा पावले मोजतात. कुणाचे पाऊल लांब, कुणाचे आखूड. शिवाय पंचांची नजर वळली की भिंत पुढे सरकते. पुढे सरकणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवण्याची तरतूद आहे. पण पाचही जण एक-एक वीत सरकले तर कार्ड कुणाला दाखवायचे?

यावर रग्बीकडून एक उपाय उसना घेण्यात आला. रग्बीत प्रतिस्पर्धी मागे हटले नाहीत, तर किकची जागा दहा मीटर पुढे नेतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००० सालापासून याच धर्तीवर किक दहा यार्ड पुढे नेण्याचा प्रयोग झाला. २००५ साली तो बंद पडला. आपले वरचे गणित इथे एक गंमत दाखवते. चेंडू २५ मीटरवरून १६.५ मीटरवर, म्हणजे पेनल्टी क्षेत्राच्या सीमेवर आणला, तर भिंतीवरून जाऊन गोलमध्ये शिरण्यासाठी वेग सेकंदाला २६ ऐवजी सुमारे २२ मीटरच ठेवता येतो, कारण खाली यायला जागाच कमी. भिंतीची सावली मात्र ५.५ वरून ३.६ मीटरवर येते. म्हणजे बाजूने मारणाऱ्याचा फायदा आणि वरून मारणाऱ्याचा तोटा! जवळ नेणे म्हणजे हल्ला करणाऱ्याला बक्षीसच, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे होते.

टिकलेला उपाय साधा निघाला. ब्राझीलच्या हाइने आलेमान्ये यांनी काही वेळाने नाहीसा होणारा फेस तयार केला. त्यात मुख्यतः पाणी असते, जोडीला दाबाखाली द्रवरूप झालेला ब्युटेन आणि साबणासारखे फेस आणणारे द्रव्य. डबीचे बटण दाबताच दाब कमी होतो, ब्युटेनची वाफ होते आणि पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होऊन पांढरी रेघ उमटते. बुडबुडे हळूहळू फुटतात, ब्युटेन उडून जातो आणि मिनिटाभरात गवतावर थोडे पाणी तेवढे उरते. १२ जून २०१४ रोजी ब्राझील आणि क्रोएशिया यांच्या सामन्याने विश्वचषक सुरू झाला, तेव्हा साऱ्या जगाने ही रेघ पाहिली. भिंत रेघेच्या मागे थांबू लागली. खेळाडू एका दिवसात प्रामाणिक झाले असे नव्हे. पूर्वी रेघ फक्त पंचांच्या मनात होती. आता ती सगळ्यांना दिसू लागली.

किक घेणाऱ्याला आणखी एक हक्क आहे, तो म्हणजे न थांबण्याचा. भिंत रचली जाण्याआधीच तो चटकन किक घेऊ शकतो. १२ डिसेंबर २००४ रोजी आर्सेनलच्या थिएरी आँरीने, चेल्सीचा गोलरक्षक भिंत लावण्यात गुंतलेला असताना, असाच गोल केला. अंतर पाळणे ही बचावपटूंची जबाबदारी आहे; अंतर मागावे की नाही हा किक घेणाऱ्याचा निर्णय आहे. मात्र अशी चटकन किक मुद्दाम अडवणाऱ्याला कार्ड मिळते.

सहा यार्ड अजून आहेत

जुने सहा यार्ड पूर्णपणे गेले का? नाही. नियमाला एक अपवाद आहे: बचावपटू आपल्या गोलखांबांच्या मध्ये, गोलरेषेवर उभे असतील, तर दहा यार्डांची अट त्यांना लागत नाही. कारण उघड आहे. चेंडू गोलपासून दहा यार्डांच्या आत असेल तर तेवढे मागे जायचे म्हणजे गोलच्या जाळ्यात शिरायचे! संघसहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळायचा नाही, असे १९९२ साली ठरल्यापासून गोलजवळच्या अशा अप्रत्यक्ष फ्री किक वाढल्या. गोलक्षेत्रात गुन्हा घडला तर किक गोलक्षेत्राच्या रेषेवरून घेतात, आणि ती रेषा गोलरेषेपासून बरोबर सहा यार्डांवर आहे. तिथे अकराच्या अकरा खेळाडू गोलरेषेवर रांग लावू शकतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६७ सेंटिमीटर येतात. स्टोकच्या खेळाडूंनी १८९१ साली जे पाहिले, त्याचीच ही आजची आवृत्ती. फरक एवढाच की हाताने गोल अडवणाऱ्याला आता ही सवलत मिळत नाही, त्याच्या संघावर पेनल्टी बसते.

वर्गात करून पाहण्यासारखे

भिंतीच्या सावलीचा प्रयोग वर्गात सहज होतो. एक मीटरला दहा सेंटिमीटर हे प्रमाण घ्या. भिंतीवरच्या कागदावर ७३ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच गोल काढा. त्याचा तळ टेबलाच्या पातळीत असू द्या. त्यापासून अडीच मीटरवर टॉर्चचा उघडा छोटा बल्ब ठेवा. २० सेंटिमीटर रुंद, १८ सेंटिमीटर उंच पुठ्ठा बल्बपासून आधी ५५ सेंटिमीटरवर आणि मग ९१.५ सेंटिमीटरवर उभा करून सावली मोजा. ९१ आणि ५५ सेंटिमीटरच्या आसपास उत्तरे आली पाहिजेत. मग बल्ब एका बाजूला सरकवा आणि पुठ्ठा कुठे ठेवला तर गोलचा जवळचा अर्धा भाग झाकला जाईल, हे मुलांना शोधू द्या. गोलरक्षक भिंत लावताना नेमके हेच शोधत असतो.

दुसरा प्रयोग मैदानावरचा. वर्गातल्या प्रत्येकाला डोळ्यांच्या अंदाजाने ९.१५ मीटर मोजायला सांगा, नंतर दहा पावलांनी आणि शेवटी टेपने. तिन्ही आकडे नोंदवून सरासरी आणि पसारा काढा. एका गटाला किक घेणारे म्हणून आणि दुसऱ्याला भिंत म्हणून उभे करून अंदाज विचारा. दोन्ही गटांच्या सरासरीत फरक पडतो का, हे आकड्यांवरूनच ठरू द्या.

फुटबॉलच्या नियमांत बदल करणारे मंडळ १८८६ पासून काम करते आहे. ब्रिटनच्या चार संघटनांनी ते सुरू केले, १९१३ साली फिफा त्यात आली, आणि आज तिथल्या आठ मतांपैकी सहा मिळाल्याशिवाय नियम बदलत नाही. तरीही टाचेची खूण गेली, सहाचे दहा झाले, पुढे नेण्याचा प्रयोग आला आणि गेला, फेसाची रेघ आली. प्रत्येक वेळी कुणीतरी नियमाच्या अक्षराला धक्का न लावता त्याचा हेतू मोडून दाखवला आणि मग अक्षर बदलावे लागले. शाळेच्या मैदानावर मुले स्वतःचे नियम करून खेळतात, भांडतात आणि पुन्हा नवे नियम करतात, तेव्हा तेही हेच करत असतात. पुढच्या वेळी असे भांडण आले, तर निकाल देण्याआधी त्यांना एवढेच विचारून पाहा: नियम मोडणाऱ्याला यातून फायदा होतो आहे का, आणि होत असेल तर रेघ कुठे मारायची?